जाण्याचे तिकीट, येण्याचे तिकीट

नागपूरकडून अमरावतीला येताना शहर लागण्याच्या जरा आधी आमचे नांदगाव पेठ लागते. एके काळी या गावाची ओळख नावातल्या त्या पेठेमुळे झाली असेल. आज मात्र हमरस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला नांदगाव पेठ म्हटले की टोलनाका आठवतो. गावाला मिरवावेसे वाटेल अशी ही कीर्ती नव्हे. पण त्या नाक्याच्या दरफलकाने मला एका जुन्या कोड्याकडे नेले, म्हणून त्याचे ऋण मानायला हरकत नाही. फलकावर एकेरी फेरीचा दर असतो आणि शेजारी चोवीस तासांत परतणाऱ्याचा दर असतो. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ सालच्या शुल्क नियमांप्रमाणे हा दुसरा दर एकेरीच्या दीडपट. म्हणजे जाण्याचा एक रुपया धरला, तर येण्याचे आठ आणे. रस्ता तोच, गाडी तीच, डांबराची झीजही तेवढीच. मग येणे जाण्याच्या निम्म्या किमतीत का?

आता घराघरांतून विमानाची तिकिटे मोबाइलवर काढली जातात, तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा राहतो. जाण्यायेण्याचे एकच तिकीट काढावे, की जाण्याचे एक आणि येण्याचे एक अशी दोन सुटी काढावीत? ऐन दिवाळीत फराळाच्या ताटावर यावरून वाद झालेला मी पाहिला आहे. त्या वादात उतरण्यापूर्वी या परतीच्या तिकिटाचा थोडा इतिहास पाहावा, असे मनात आले. वाटले होते त्यापेक्षा तो बराच लांबचा निघाला, आणि बराच गंभीरही.

आपल्या भाषेपासूनच सुरुवात करू. मराठी माणूस घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कोणी चुकून ‘जातो’ म्हणालेच, तर घरातली म्हातारी माणसे त्याला उंबऱ्यावरच थांबवून दुरुस्ती करायला लावतात. आमच्या वऱ्हाडात ‘येतो मंग’ म्हटल्याशिवाय पाहुणा उठतच नाही. निघतानाच परत येण्याचा शब्द देऊन ठेवायचा, हा झाला आपला पहिला परतीचा करार. उलट, दोन सुट्या तिकिटांची रीतही आपल्याकडे जुनीच आहे. दिवाळीला लेकीला आणायला माहेरचा मुराळी जायचा. त्या फेरीचा बैल, गाडी आणि शिदोरी माहेरची. भाऊबीज झाली की तिला न्यायला सासरचे माणूस यायचे. ती फेरी सासरच्या खर्चाची. मुराळी वेळेवर आला नाही तर लेकीच्या डोळ्याला पाणी, आणि सासरचे माणूस आले नाही तर आईच्या काळजात धस्स! दोन घरांनी एकेक बाजू उचलायची, असा हा व्यवहार होता. हिशेबाला तो चोख होता, पण मध्ये ती पोर कुठल्या बाजूची हा प्रश्न कुणी विचारत नसे. असो.

परतीच्या भाड्याचे खरे मर्म आगगाडीवाल्यांच्या आधी गाडीवानांना कळले होते. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जाई. लमाणांचे तांडे किनाऱ्याकडून मीठ घेऊन देशावर चढत आणि उतरताना धान्य किंवा दुसरा माल नेत. रिकामा बैल चालवणे म्हणजे पदरचा कडबा चारून धूळ वाहणे, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. जाण्याच्या मालाने खर्च भागायचा आणि नफा परतीच्या मालात असायचा. आजही अमरावतीहून नुसते नागपूरला सोडायला सांगितले, तर भाड्याच्या मोटारीचा चालक दोन्ही बाजूंचे पैसे मागतो. आपण त्याला लुबाडणारा म्हणतो. पण तो बिचारा लमाणांचेच अर्थशास्त्र सांगत असतो. रिकामे परतायचे तर तो खर्च कुणीतरी सोसलाच पाहिजे. आणि परतीचे गिऱ्हाईक आधीच बांधलेले असेल, तर भाव उतरवायला जागा राहते. टोलनाक्याची दीडपट सोडा, ती सरकारी सवलत आहे. पण आगगाडीच्या आणि विमानाच्या परतीच्या तिकिटाचा पाया हाच.

आगगाडीपूर्वीच्या प्रवासाला मात्र परतीचे तिकीट नव्हतेच. काशीला निघणारा गृहस्थ देण्याघेण्याची निरवानिरव करून, मुलांना चार गोष्टी सांगून निघे. परत आला तर गावजेवण घालून मावंदे करायचे. मावंदे हे जाण्याचे नसते, येण्याचे असते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चार पैसे मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. मिळालेले लुटले गेले, जीव अनेकदा टांगणीला लागला. परतताना खांद्यावर गंगेची कावड होती. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला. तो वाचताना मला तरी त्यातली झाशी जितकी आठवते, तितकाच तो कावड सांभाळीत घराकडे चाललेला ब्राह्मण आठवतो. परतीचा प्रवास किती महाग असतो, हे त्या पुस्तकात भाड्याचा एक आकडाही न देता कळते.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. १८६७ साली रूळ नागपूरला पोचले. मुख्य मार्ग अमरावतीला वगळून बडनेऱ्यावरून गेला, म्हणून १८७१ साली बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत सहा मैलांचा फाटा टाकावा लागला. कापसासाठी टाकलेल्या या रुळांवरून पाठोपाठ माणसेही धावू लागली. तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचा छोटासा तुकडा. ही कल्पना इंग्लंडातल्या थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तराची, १८३० नंतरच्या दशकातली. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक आणि यंत्राने उमटवलेली तारीख असे, त्यामुळे मास्तराला पैसे खिशात घालणे अवघड झाले. परतीच्या तिकिटाचे दोन अर्ध असत. जाताना एक अर्ध फाडून घेत, उरलेले अर्ध प्रवाशाने जपायचे. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे असा तुकडा पाकिटात, रुमालाच्या गाठीत, पोथीच्या पानात ठेवीत. हरवला की सारा गाव विकत घेतल्याएवढे पैसे गेल्याचा आक्रोश!

परतीच्या सवलतीचा मोठा खेळ मांडला तो थॉमस कुक या गृहस्थाने. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे खास गाडीने नेली आणि परत आणली, माणशी एक शिलिंगात. जाणे-येणे एकाच दामात बांधून विकले की जे लोक एरवी घराबाहेर पडले नसते तेही पडतात, हे त्याने हेरले. याच कुकच्या कंपनीचे नाव पुढे मुंबई बंदराच्या इतिहासात अगदी वेगळ्या कारणाने येते. परतीचे तिकीट ही केवळ काटकसरीची बाब नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवले.

मुंबई हे हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचे सर्वांत मोठे बंदर. अचलपूर, बाळापूर, अकोल्यापासून ते थेट मध्य आशियापर्यंतचे यात्रेकरू मुंबईस येत, मुसाफिरखान्यात मुक्काम करीत आणि आगबोटीने जेद्दाहला जात. यातले पुष्कळ जण गरीब. आयुष्यभर साठवलेल्या पैशांत जाण्याचे तेवढे तिकीट येई. येण्याचे देव पाहून घेईल. काही जणांना यायचेच नसे, त्या पवित्र भूमीत देह पडावा हीच इच्छा. काही जण तिकडे मोलमजुरी करून परतीचे भाडे जमवू म्हणत. पण हंगाम संपला की जेद्दाहच्या किनाऱ्यावर शेकडो माणसे पैशांवाचून, अन्नावाचून अडकून पडत. त्यांना परत आणण्याचा खर्च शेवटी सरकारला किंवा धर्मादाय पेढ्यांना करावा लागे. १८८६ साली सरकारने या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुकच्या कंपनीकडे सोपवून पाहिली. आगगाडी आणि आगबोट यांची जोड तिकिटे निघाली. पण १८९३ पर्यंत तो प्रयोग आटोपला.

‘परतीचे तिकीट सक्तीचे करा’ ही सूचना त्यापूर्वीही होत होती आणि नंतरही होत राहिली. सरकार कचरत होते, कारण धर्मात ढवळाढवळ केल्याचा आरोप नको होता. वादाच्या दोन्ही बाजूंना वजन होते. एक पक्ष म्हणे, ज्याची जाण्यायेण्याची आणि मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटाची सोय आहे त्याच्यावरच हज कर्तव्य आहे, असे धर्मच सांगतो. तेव्हा परतीचे पैसे मागण्यात अधर्म कसला? दुसरा म्हणे, ज्याला तिथेच डोळे मिटायचे आहेत त्याच्याकडून येण्याचे भाडे का घ्यायचे? शिवाय एका कंपनीचे परतीचे तिकीट हातात असले की त्याच कंपनीच्या बोटीची वाट पाहत किनाऱ्यावर दिवस काढायचे. दुसऱ्या कंपनीची बोट समोर उभी असली तरी तिच्यात पाय टाकता येत नाही. आज दोन सुटी तिकिटे बरी म्हणणारे जे बोलतात, तेच शंभर वर्षांपूर्वी डोंगरीच्या गल्ल्यांतून बोलले जात होते!

अखेर १९२५ साली व्यापारी जहाजांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परतीचे तिकीट तरी दाखवा, नाहीतर येण्याच्या भाड्याएवढी रक्कम अनामत ठेवा, त्याशिवाय यात्रेकरूला बोटीवर पाऊल ठेवता येणार नाही, असे ठरले. यात्रेकरू तिकडेच वारला तर येण्याचे पैसे त्याने नेमलेल्या माणसाला किंवा वारसाला परत मिळावेत, अशी तजवीजही होती. ही तजवीज वाचली तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. कारकुनी भाषेत लिहिलेले ते कलम. पण कुण्या खेड्यातल्या बाईच्या हाती कधीतरी ते पैसे पडले असतील, आणि न वापरलेल्या तिकिटाची किंमत म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगावे लागले नसेल. मुंबईहून बोटीने होणारी ही यात्रा १९९५ साली थांबली. तेव्हापासून हाजी विमानाने जातात.

उलटे उदाहरणही आहे, आणि तेही आपल्याच माणसांचे. १८३४ पासून ऊस पिकवण्यासाठी हिंदी मजूर मॉरिशसला नेले जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. पाच वर्षे राबल्यावर फुकट परतीचा प्रवास, असे करारात होते. पुढे १८५० नंतरच्या काही वर्षांतच मळेवाल्यांच्या सोयीने तो हक्क काढून घेण्यात आला. परतीचे अर्ध फाडून टाकले म्हणा ना! तिथल्या मराठी घरांतून आजही गणपती बसतो. त्याचे आपण कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण त्या कौतुकात हा फाडलेला तुकडाही स्मरणात असावा.

आणि आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याच्या धक्क्यावरून एकटी अमेरिकेला निघाली. सोबत होती ती मिशनरी बायकांची, नवरा मागे राहिला होता. अंगावरचे दागिने मोडून जाण्याचे भाडे उभे राहिले होते. येण्याचे केव्हा आणि कसे, याला उत्तर नव्हते. मार्च १८८६ मध्ये ती फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, ऑक्टोबरात गोपाळरावांबरोबर परत निघाली आणि १६ नोव्हेंबरला मुंबईस उतरली, ती क्षयाने पोखरलेली. कोल्हापूरच्या रुग्णालयातली जागा तिची वाट पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तिची रक्षा पुढे समुद्रापार, जिने तिला मुलीसारखे सांभाळले त्या कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत ती आहे. तेव्हा आनंदीबाईंच्या फेऱ्या मोजायला बसले की एकेरी किती आणि परतीच्या किती, याचा हिशेब जुळत नाही.

विमानांकडे वळू. युद्ध संपता संपता, १९४५ साली, विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना हवानात स्थापन झाली आणि पुढची कित्येक वर्षे परदेशी उड्डाणांचे दर ती संघटना ठरवू लागली. परतीच्या तिकिटाचा ठोकताळा सोपा होता: एकेरीच्या दुपटीतून दहा टक्के वजा. म्हणजे दोनऐवजी एक पूर्णांक आठ दशांश. पुढे त्यात पोटभाडी शिरली. इतके दिवस राहिलेच पाहिजे, इतक्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, मध्ये एक शनिवारची रात्र पडलीच पाहिजे. या शनिवारच्या रात्रीचे रहस्य मोठे मजेचे आहे. व्यापारी माणूस सोमवारी जाऊन शुक्रवारी घरी येतो, त्याचे भाडे कंपनी भरते, तो महाग तिकीट घेतो. हौशी प्रवासी रविवारीही तिकडेच असतो, तो स्वतःच्या खिशातून देतो, म्हणून त्याला स्वस्त. शनिवार हा केवळ चाळणीचे काम करीत होता. अशा चाळण्यांमुळे कधी कधी असे विपरीत होई की जाण्यायेण्याचे तिकीट नुसत्या जाण्याच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडे! मग लोक परतीचे तिकीट घेऊन त्याचे मागचे पान कचऱ्यात टाकीत. कंपन्यांनीही उलट डाव टाकला: पाने क्रमानेच वापरली पाहिजेत, जाण्याचे उड्डाण चुकवले की येण्याचे आपोआप रद्द. हा नियम आजही बहुतेक परतीच्या तिकिटांना लागू असतो आणि गावाकडून निघालेल्या माणसाने तो पाठ करून ठेवावा. वर्धेजवळ मोटार बिघडली, नागपूरचे विमान चुकले, म्हणून पुढल्या आठवड्यातले येण्याचे तिकीटही गेले, असे होऊ शकते. दोन सुटी तिकिटे असतील तर एक बुडाले तरी दुसरे जिवंत राहते.

आपल्या देशातल्या उड्डाणांची कथा निराळी. १९५३ साली खासगी विमान कंपन्या सरकारजमा झाल्या आणि दरही सरकारी ठरले. त्यापूर्वीची एक आठवण इथे नोंदवतो, कारण ती आमच्या विदर्भाची आहे. जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चारी दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि ज्याचे त्याचे विमान उजाडायच्या आत आपल्या घरी! देशाच्या पोटात असलेल्या गावाचा एवढा सुरेख उपयोग क्वचितच झाला असेल. ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन आली आणि तिने तिकीट सुटेच विकायचे, प्रत्येक बाजूची किंमत वेगळी, ही रीत आपल्याकडे रुजवली. तेव्हापासून देशांतर्गत प्रवासात परतीचे तिकीट म्हणजे बहुतेक वेळा दोन एकेऱ्यांची निव्वळ बेरीज. सकाळी एका कंपनीने जावे, संध्याकाळी दुसरीने यावे. बांधून घेण्यात लाभ नाही, मग बांधून का घ्यावे?

परदेशाचे गणित अजून पुरते तसे झालेले नाही. धाकटी लेक जर्मनीत आहे, तिच्याकडे जाण्याचा बेत ठरला तेव्हा आमच्या घरी दोन पक्ष पडले. मी सुट्या तिकिटांचा. तारीख मोकळी राहते, असे माझे म्हणणे. सौभाग्यवतींचे म्हणणे, ‘येण्याचं तिकीट हातात असल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही.’ व्हिसाच्या कागदांत परतीच्या प्रवासाचा पुरावा मागितलेला होता, त्यामुळे वादाचा निकाल मूळ पक्षकारांच्या मतांची वाट न पाहता लागला. परतीचेच तिकीट काढले. किंमतही दोन सुट्यांपेक्षा कमी पडली, हे त्यांनी जर्मनीत पोचेपर्यंत चारदा सांगितले. जेद्दाहच्या किनाऱ्यावरची ती जुनी चिंता आता दूतावासांच्या खिडकीत येऊन बसली आहे, एवढेच: हा माणूस परत जाईल ना?

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तारीख पाहा, बोरीबंदरच्या पहिल्या गाडीला त्याच दिवशी बरोबर एकशे बहात्तर वर्षे झाली होती. विमान लहान, आठवड्यातून मोजक्या फेऱ्या. अशा मार्गावर मी नुसते सुटे तिकीट काढून निर्धास्त बसणार नाही. येण्याच्या फेरीत जागा आहे का हे आधी पाहावे, आणि नसेल तर बडनेऱ्याच्या रात्रीच्या गाडीचे आरक्षण हाताशी ठेवावे. जाणे विमानाने आणि येणे आगगाडीने, हीदेखील दोन सुटी तिकिटेच की!

त्याच वर्षी दिवाळीच्या गर्दीसाठी रेल्वेने एक प्रयोग केला. १३ ते २६ ऑक्टोबरच्या दरम्यान जायचे, १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबरच्या दरम्यान यायचे, दोन्ही तिकिटे एकदम काढायची. मग येण्याच्या मूळ भाड्यात वीस टक्के सूट. मी कागदावर मांडून पाहिले: एक अधिक आठ दशांश. विमानवाल्यांचा तो जुनाच ठोकताळा रुळांवर आला होता. अटीही तशाच: माणसे तीच, वर्ग तोच, गावे तीच, तिकीट पक्के झालेलेच हवे, आणि एकदा काढले की पैसे परत नाहीत. भाऊबीजेला आलेल्या लेकीला यात सूट मिळायची नाही. कारण ती भाऊबीज आटोपून चार दिवसांत निघणार, आणि रेल्वेचे म्हणणे, १७ नोव्हेंबरपर्यंत माहेरी राहा. आया या योजनेवर खूश होत्या म्हणतात.